थवा वळतो तेव्हा

पानगळ सुरू झाल्यापासून मी रोज दुपारी बाळाला घेऊन खाडीकाठच्या बाकावर बसते. घरच्या कामांतून एवढा एकच तास मला चोरता येतो.

बाळाचा हात डावीकडे गेला, की चिखलावरून उडणारा पाखरांचा थवा डावीकडे वळायचा. हात उजवीकडे गेला, की थवाही उजवीकडे. सासूबाईंना सांगितलं, तर हसायलाच लागल्या. "अगं, सात महिन्यांचं पोर ते! ते कुणाला नाचवणार? पाखरंच त्याला नाचवत असतील."

आज मी नीट पाहिलं. आधी थवा वळत होता. हात त्याच्यानंतर.

"आज निघणार बहुतेक, लांबच्या प्रवासाला," शेजारी दुर्बीण लावून उभे असलेले काका म्हणाले. "पिल्लं तयार झालीत ना यंदाची. एकालाही मागे ठेवत नाहीत, बरं का!"

मी बाळाला शालीत घट्ट गुंडाळलं. त्यानं दोन्ही हात बाहेर काढले.

तेवढ्यात सगळा थवा एकदम उंच उठला आणि समुद्राकडे वळला. बाळानं हात पसरले आणि ते खुदकन हसलं. मी त्याला कमरेपाशी गच्च धरलं.

माझ्या हातांना त्याचं वजन लागेना.