वळणाची रुंदी

"सव्वा मीटर पुरे होईल, काका. चाकाची खुर्ची आरामात वळते तेवढ्यात."

"पावणेदोन," अबू सुहैल म्हणाला.

लुब्नानं टेप पुन्हा भिंतीला लावली. जिन्याच्या या वळणावर पाऊण मीटरही जागा नव्हती. एका अंगाला डोंगराचा कातळ, दुसऱ्या अंगाला अबू फवाजच्या अंगणाची भिंत. अम्मानच्या पश्चिमेला गाडी दारात येते. इकडे पूर्वेच्या डोंगरांवर दवाखाना गाठायचा तर दोनशे बारा पायऱ्या. महापालिकेला हे कोणीतरी मोजून दाखवायला हवं होतं. लुब्ना आठ महिने तेच करत होती, आणि तिच्या चपलांचे दोन जोड झिजले होते.

"पावणेदोन कशाला? खुर्ची न्यायचीय की ट्रक?"

"दोन्ही बाजूंनी धरायला माणसं नकोत?"

तिनं पावणेदोन लिहिलं.

तिच्याकडे प्रत्येक घराचं एक पान होतं. घरात कोण राहतं, कोण कमावतं, कुणाला जिना चढता-उतरता येत नाही. अबू सुहैलचं पान तिनं त्याच पायरीवर बसून भरलं.

"काकू किती दिवसांत उतरल्या नाहीत?"

"तीन वर्षं झाली."

"गुडघे?"

म्हाताऱ्यानं वळणाकडे बघितलं. "लिही, गुडघे."

"आणि सुहैल? तो नाही का हात देत आईला?"

"तो लांब असतो, पोरी."

लांब म्हणजे आखातात, हे या डोंगरावर कुणी वेगळं सांगत नाही. निम्म्या घरांतले मुलगे तिकडेच राबतात. लुब्नानं तसं लिहून टाकलं.

पुढच्या शुक्रवारी अबू फवाजच्या अंगणात सगळे जमले. आधी काय दुरुस्त करायचं ते लोकांनीच ठरवायचं होतं. प्रत्येक घराला तीन हरभरे. कठडा, दिवे आणि वळण अशा तीन वाट्या. बायकांनी दिव्यांवर हरभरे ओतले. अबू सुहैलनं तिन्ही हरभरे वळणाच्या वाटीत टाकले.

"बघा, बघा, नवरदेव!" कोणीतरी ओरडलं. "म्हातारपणी बायकोला फिरायला न्यायचंय याला!"

सगळे खो खो हसले. तोही हसला, आणि हसता हसता खोकला.

"तुझ्या बायकोच्या फेरफटक्यासाठी मी माझी भिंत पाडू?" अबू फवाज उखडला. "माझ्या बापानं एकेक दगड वाहून आणलाय, कळलं का? एक वीत देणार नाही!"

अबू सुहैल उठून त्याच्याजवळ गेला. कानाशी लागून काहीतरी बोलला. दोन वाक्यं असतील, फार तर तीन. अबू फवाजचा चेहराच उतरला. हातातला चहाचा पेला त्यानं खाली ठेवला.

"पाडा," तो म्हणाला. "लागेल तेवढी पाडा." आणि उठून घरात गेला. त्याचे हरभरे तसेच पडून होते, ते त्याच्या बायकोनं वळणाच्या वाटीत टाकले.

महापालिकेच्या कार्यालयात मात्र इंजिनिअर अडून बसला. पावणेदोन मीटर करायचं तर दिव्यांना पैसे उरणार नाहीत, दिवे जातील, म्हणाला. "एका म्हातारीसाठी एवढं?"

"हो, एका म्हातारीसाठी!" लुब्ना तडकली. "तीन वर्षं एक बाई घरात कोंडलीय. पश्चिमेला एका बंगल्यासाठी तुम्ही आख्खा रस्ता वळवलात, तेव्हा नाही कुणी विचारलं."

दिवे गेले. त्याचं तिला वाईट वाटलं, रात्री येणाऱ्या-जाणाऱ्या बायका डोळ्यांपुढे आल्या. पण वळण मंजूर झालं.

काम चालू असताना अबू सुहैल रोज गवंड्याजवळ येऊन बसायचा. अंगावरचा कोट त्याला ढगळ व्हायला लागला होता.

"जेवता की नाही, काका?"

"माझं सोड. त्या गवंड्याला सांग, जरा हात उचल म्हणावं."

"काकूंना एवढी घाई झालीय?"

"मला झालीय," तो म्हणाला.

वळण पुरं झालं. आठवड्यानं लुब्नाला एका संस्थेकडून चाकाची खुर्ची मिळाली. नवी कोरी. घडी घातलेली खुर्ची खांद्यावर घेऊन ती सकाळीच जिना चढायला लागली. काकूंना पहिल्यांदा कुठे न्यायचं हे तिनं ठरवूनही टाकलं होतं: खाली बाजारात, ज्यूसच्या गाडीवर.

शंभरेक पायऱ्या चढली असेल, तेवढ्यात वरून पुरुषांचे आवाज आले. जनाजा उतरत होता. लुब्ना भिंतीला चिकटून उभी राहिली. तिरडी वळणावर आली. दोन्ही बाजूंची माणसं खांदे न काढता सहज वळली. पुढे अबू फवाज होता, ओक्साबोक्शी रडत.

एक आठवडा! फक्त एक आठवडा उशीर झाला. कागदांवर सह्या घेत हिंडले, आणि इकडे बाई उन्हात न येताच गेली. तिला स्वतःचाच राग आला.

खांदेकऱ्यांत अबू सुहैल दिसेना. त्राणच उरलं नसेल बिचाऱ्यात, तिला वाटलं. वर बसला असेल एकटा. ती खुर्ची तशीच घेऊन भराभर वर गेली.

दार सताड उघडं होतं. कठड्याशी बायकांचा घोळका होता. त्यातून काळ्या कपड्यातली एक बाई पुढे आली, स्वतःच्या पायांनी, ताठ. तिनं लुब्नाचे दोन्ही हात हातात घेतले. नजर अजून खाली वळणावरच होती.

"तू लुब्ना ना? त्यानं सांगितलं होतं," सुहैलची आई, उम्म सुहैल, म्हणाली. "आडवा गेला गं तुझा काका. नीट, आडवा. तीन वर्षांपूर्वी माझा सुहैल गेला, तेव्हा त्याला त्या वळणावर उभं करून, दोरीनं बांधून उतरवावं लागलं होतं."