भुंडे हात

सून रोज बांगड्या काढून भुंड्या हातांनी कामाला जाते, ही गयाबाईची तक्रार साऱ्या गल्लीला पाठ होती. बचतगटाच्या शेडमध्ये विजेवरच्या रिक्षाच्या बॅटऱ्या जोडायच्या तर अंगावर धातू नको, ठिणगी उडते, हे कारण तिला बिलकुल पटत नव्हतं. आज सरकारी अनुदानाची पाहणी होती. सुनेनं जोडलेली बॅटरी पास झाली तरच शेड टिकणार होतं. गयाबाई तिथं धडकली. "पाटल्या काढा, मंग आत या," दारातल्या बाईनं अडवलं. चाळीस वर्षांत न उतरलेल्या पाटल्या थुंकी लावून ओढल्या अन् गयाबाई आत शिरली. पाहणीला आलेल्या जालन्याच्या साहेबांनी बॅटरी रिक्षात बसवली, चाकं फिरली, कागदावर सही झाली. सून मात्र सासूच्या मोकळ्या मनगटांकडंच बघत राहिली. "काय बघून राह्यली? हात हुशार हाय तुझा. उद्यापासून भाकऱ्या मी थापते, जल्दी निघत जा."