विमानतळाचं दार
व्यवस्थापक मंदाकिनी हिरवेंनी सकाळी तोडून रुंद करून घेतलेलं दार दुपारी पुन्हा अरुंद झालं होतं. नगरपालिकेच्या विमानतळाची जुनी इमारत जपायला वारसा समितीने भिंतींना लावलेला लेप प्रत्येक बदल भरून काढत होता. धावपट्टीकडे जायला तेवढं एकच दार होतं. बाहेर रुग्णविमान थांबलं होतं आणि पाठीचा कणा मोडलेल्या भीमण्णांचं स्ट्रेचर दारात अडलं होतं.

"लेप बंद करा!" मंदाकिनी फोनवर ओरडल्या.

"मॅडम, अर्ज करा, बैठकीत ठेवू," समितीचे सचिव म्हणाले.

मंदाकिनींनी फोन आपटला आणि पहार उचलली. विटा पडत होत्या, भिंत भरून येत होती, पण त्या थांबल्या नाहीत. अखेर स्ट्रेचर बाहेर पडलं.

विमान उडालं तेव्हा समितीची नोटीस आली होती : वारशाची नासधूस. मंदाकिनींनी ती वाचली आणि नव्या पहारीच्या मागणीचा अर्ज लिहायला घेतला.