दुसरा चेहरा

मोबाईलच्या पडद्यावर लाल पट्टी आली आणि अश्विनीचा हात जागच्या जागी थांबला. खोलीत दुसरा चेहरा दिसत आहे, ही पहिली ताकीद, असं पट्टीवर लिहिलं होतं. तिसऱ्या ताकिदीला पेपर आपोआप बंद होणार होता.

बी.कॉम.चा हा शेवटचा पेपर ती मार्गासनी गावातल्या आपल्या घरात बसून देत होती. समोर पाटावर उभा केलेला मोबाईल, आणि त्याच्या पलीकडे कुठल्या तरी शहरात बसलेला, तिला न दिसणारा पर्यवेक्षक. उठायचं नाही, मान वळवायची नाही, पडद्यावरून नजर हलवायची नाही. एवढी पाळत तर तिच्या चुलतीनेही कधी ठेवली नव्हती, आणि चुलतीची पाळत सगळ्या आळीला ठाऊक होती. मोबाईलचा आवाज आणि माईक तेवढा बंद ठेवायची परवानगी मिळाली होती, कारण गावातल्या रेंजला सगळं एकदम झेपत नाही.

अण्णांना, म्हणजे तिच्या वडिलांना, जाऊन नऊ महिने झाले होते. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. सोमनाथ चुलत्यांनी स्थळसुद्धा आणून ठेवलं होतं. तिची आई, मंगल, एवढंच म्हणाली होती की पोरगी पास झाली तर तीन वर्षं थांबू, नाहीतर तुमी म्हणाल तसं. त्यामुळे या पेपरावर अश्विनीची तीन वर्षं टांगलेली होती आणि ती मनातून पार घाबरली होती.

दुसरा चेहरा कुणाचा, ते तिच्या लगेच ध्यानात आलं. मागच्या भिंतीवर अण्णांचा फोटो होता, लग्नातला, कोट घातलेला. तिने पडद्याखालच्या चौकटीत तसं लिहिलं. पर्यवेक्षकाने दोन मिनिटांची सवड दिली. वर्ष भरायच्या आत फोटो खाली काढायचा म्हणून मंगलच्या जिवावर आलं, पण तिने तो हार न काढता उतरवला आणि स्वयंपाकघरात नेऊन भिंतीला टेकवला.

अश्विनी पुन्हा लिहायला लागली. नववा प्रश्न सोडवून होतोय तोच पट्टी परत लाल झाली. दुसरा चेहरा. दुसरी ताकीद.

पडद्याच्या कोपऱ्यात तिचं स्वतःचं छोटं चित्र दिसत होतं. त्यात ती होती, मागे रिकामी भिंत होती आणि भाताची पोती होती, बाकी कुणी नव्हतं. फोटो काढला आहे, खोलीत मी एकटीच आहे, असं तिने लिहिलं.

उत्तर आलं. "फोटोबद्दल म्हणत नाही. पोत्यावर जे बंडीतले गृहस्थ बसले आहेत, त्यांना बाहेर जायला सांगा. पुढची ताकीद शेवटची."

ते वाचताना तिच्या मानेवर काटा आला. ती अभ्यासाला बसली की अण्णा रोज तिथेच बसायचे. त्यांना त्यातलं काही कळायचं नाही, नुसते बघत राहायचे. आत्ता, या क्षणी मान वळवावी असं तिला इतकं वाटलं की तिने पाटाची कड घट्ट धरली. मान वळवली की तिसरी ताकीद.

"आई," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "त्यो सायेब म्हणतोय, अण्णा पोत्यावर बसल्यात."

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. मंगल दारापर्यंत आली, मोबाईलला दिसणार नाही अशी उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. आयुष्यभर नवऱ्याशी ज्या आवाजात बोलली, त्याच हलक्या आवाजात ती म्हणाली, "अवं, उठा आता. जरा भाईर बसा. पोरीचा पेपर हाय, तिला लिहू द्या."

पंखा तेवढा फिरत होता. अश्विनीला मागे ना पाऊल वाजलेलं ऐकू आलं, ना पोतं हललेलं. पडद्यावरची लाल पट्टी पुसट होत गेली आणि तिच्या जागी हिरवी आली.

"धन्यवाद," पर्यवेक्षकाने लिहिलं होतं. "आता खोलीत तुम्ही एकट्याच आहात. पेपर चालू ठेवा."

"गेलं का त्ये?" दारातून मंगलने विचारलं.

"गेलं," अश्विनी म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. पेपर संपायला एकोणतीस मिनिटं होती आणि अकरा प्रश्न राहिले होते. तिने डोळे पुसायला हात उचलला नाही. दहावा प्रश्न तसाच ठेवून तिने खालच्या चौकटीत लिहिलं, "सर, जाताना त्यांनी मागं वळून बघितलं का?"