गोट्यापासून गोट्यापर्यंत

“रेघ सरळ पायजे, ताई. केसभरही वाकडी नको,” किसनराव तिसऱ्यांदा म्हणाले.

गीतांजलीने नुसती मान डोलावली. अमरावतीच्या त्या डिझाइनच्या दुकानात सकाळपासून माउस फिरवून तिचं मनगट ठणकत होतं. पडद्यावर भातकुलीकडच्या एका गावाचा स्कॅन केलेला जुना नकाशा होता, घड्यांवर फाटलेला. त्याखाली आजच्या शेतांचा उपग्रहाचा फोटो तिने दोघांना सांगूनच बसवून ठेवला होता, तूर्त लपवून. तहसीलदार साहेबांनी सुनावणीत सांगितलं होतं, नकाशातली पांदण, म्हणजे शेतांमधली जुनी सरकारी वाट, स्वच्छ काढा, दोघांच्या सह्या आणा, तोच निकाल.

दोघं म्हणजे किसनराव आणि भगवंतराव, एका धुऱ्याचे, एकाच बांधाचे शेजारी. आले एकाच एसटीने, एक पुढे बसून, एक मागे. तीन वर्षांच्या तारखांनी दोघंही पार पिचून गेले होते.

किसनरावांनी वावरात नवं घर बांधलं होतं, पण घरी जायला हक्काची वाट नव्हती. भगवंतरावांनी पांदण नांगरून गिळली, असं त्यांचं म्हणणं.

“नकाशा कायले पायजे, किसन?” भगवंतराव बाकावरून म्हणाले. “जाय न माह्या वावरातून. म्या कधी अडवलं काय तुले?”

“पाहा ताई, नकाशाचं नाव काढलं का याले घाम फुटते. मले उपकार नको. माही पांदण पायजे.”



नकाशात पांदणीच्या दोन टोकांना हद्दीचे दोन गोटे होते, एक नाल्याजवळ, एक गावाच्या कोपऱ्यावर. गीतांजलीने पेन टूल घेऊन पहिल्या गोट्यावर क्लिक केलं, मग दुसऱ्यावर. मधे ताठ रेघ उमटली.

“एवढंच?” किसनरावांना वाईटच वाटलं. तीन वर्षं झिजलो ते या दोन टिचक्यांसाठी.

“एवढंच, काका.”

तिने प्रिंट काढली. किसनरावांनी उभ्या उभ्याच सही ठोकली. भगवंतराव मात्र पेन धरून बसून राहिले.

“हात चालून नाई राहिला त्याचा,” किसनराव म्हणाले. “आता थो फोटो दाखवा. किती गिळलं, दिसू द्या सगळं.”

गीतांजलीने फोटो उघडा केला.

भगवंतरावांच्या हिरव्या वावराला रेघ कुठेच शिवत नव्हती. धुऱ्याच्या अलीकडून, किसनरावांच्या जमिनीतून येऊन ती त्यांच्या नव्या घराच्या मधोमध आरपार गेली होती.

किसनराव खुर्ची चाचपत खाली बसले.

भगवंतरावांनी बिनसहीचा कागद घडी करून खिशात घातला आणि ते गीतांजलीच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “थे रेघ माह्या वावरातून वाकव न.”