फोनवर न सांगितलेलं

"भाऊ, मला घरी जायला हवं," अमायास म्हणाला. "वडिलांनी खाणं सोडलंय."

कोसैलानं वही मिटली. फ्रिज दुरुस्तीच्या त्याच्या दुकानामागची ही खोली. मंगळवारी दुपारी शटर अर्धं ओढून तो इथे तिघांना शिकवायचा. तिघंही आसपासच्या गावांत बिऱ्हाड करून, शेजार जोडून, येशूच्या नावानं नवी मंडळी उभी करायला निघालेले. अमायासच्या गावात सहा महिन्यांत चार घरं जमली होती.

भिंतीलगतच्या खुर्चीत म्हातारा मोक्रान कॉफी पीत बसला होता. कोसैलाला त्यानंच घडवलं होतं आणि घरच्या काबिली डोंगरातून दूर या उघड्याबोडक्या पठारावर त्यानंच धाडलं होतं. आज सहा तास बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत तो शिष्याचे शिष्य बघायला आला होता.

"शुक्रवारी तुझ्याकडे पहिला बाप्तिस्मा आहे," कोसैला म्हणाला. "तो घेणाऱ्या पोरीचे भाऊ धमक्या देतायत. अशात तूच नसलास तर?"

"बाप आहे माझा."

"घरी कोण कोण आहे?"

"दोघी बहिणी."

"मग वडिलांना कुणीतरी आहे. या चार घरांना तुझ्याशिवाय कोण आहे? रोप लावलं ना? आता पहिले दोन उन्हाळे जागा सोडायची नाही."

"दोन उन्हाळे म्हणे!" मल्हा म्हणाली. तिघांत ती एकटीच बाई, आणि जिभेला हाड नसलेली. "इथल्या एका उन्हाळ्यात तुमचे फ्रिज मान टाकतात, माणसाचं काय घेऊन बसलात?"

कुणी हसलं नाही. अमायास मान खाली घालून बसला होता.

मोक्राननं कप खाली ठेवला. रोपाचं ते वाक्य त्याचं होतं. नुसतं वाक्यच नाही, आधीचा 'घरी कोण कोण आहे' हा प्रश्नसुद्धा. चार वर्षांपूर्वी कोसैलाची आई इस्पितळात होती, तेव्हा फोनवर त्यानं कोसैलाला अगदी हेच, याच क्रमानं ऐकवलं होतं. कोसैला राहिला. अकराव्या दिवशी आई गेली. डोंगरात बर्फ पडून रस्ता बंद झालेला, त्यामुळे माती द्यायलाही तो पोचला नाही. "ठीक आहे, दा," एवढंच तो म्हणाला होता. पुन्हा कधी विषय काढला नाही.

विषय काढला तो मोक्राननंच, गावोगावच्या सभांमधून. शिष्य असावा तर असा, म्हणून. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसायच्या. सभा संपल्यावर लोक येऊन मोक्रानचे हात हातात घ्यायचे, आणि तो घेऊ द्यायचा.

"बरं," अमायास म्हणाला. "नाही जात." तो पिशवीत वही कोंबू लागला. वही नीट जाईना.

"जा तू," मोक्रान म्हणाला.

सगळे वळले. कोसैला कसंनुसं हसला. "दा, तुम्हीच तर शिकवलंत."

"मीच शिकवलं. आणि मी गेलो होतो."

"कुठे?"

"माझी आई अंथरुणाला खिळली तेव्हा. तू मला भेटायच्या बऱ्याच आधी. समुद्राकाठच्या गावात नऊ जणांची मंडळी होती माझी, जेमतेम वर्षाची. दाराला कुलूप लावलं आणि निघून गेलो. तीन आठवडे तिच्या उशाशी होतो. परत आलो तर नवातले चार उरले होते. त्यांना सांगितलं, मीच आजारी होतो."

मल्हानं ओढणी सारखी केली. रस्त्यावरून ट्रक गेला, शटर थरथरलं.

"मला फोनवर हे सांगितलं नाहीत," कोसैला म्हणाला.

"नाही."

"का?"

मोक्रानला वाटलं, काहीतरी बरं दिसेलसं सांगता येईल. तुझ्या मंडळीची काळजी होती म्हणावं, ते अगदीच खोटं नव्हतं. पण अमायास पिशवी तशीच धरून बघत होता.

"सांगितलं असतं तर तू गेला असतास," तो म्हणाला. "मला जमलं नाही ते तू करून दाखवावंस, असं मला वाटत होतं."

कोसैलानं टेबलावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलून खणात ठेवला. मग खिशातून गाडीची किल्ली काढून त्यानं अमायासपुढे धरली.

"बसची वाट बघू नकोस. दुसऱ्या गिअरला अडते, जरा जोर लाव. शुक्रवारचं मी बघतो."

"आणि त्या पोरीचे भाऊ?"

"मी आहे ना," मल्हा म्हणाली. "तू नीघ रे!"

अमायास वाकून शटरखालून पळालाच. मल्हानं तिसऱ्या शिष्याला डोळ्यानं खूण केली, आणि तीही दोघं निघाली.

खोलीत दोघेच उरले. मोक्रान खुर्चीतून उठून उभा राहिला होता. कोसैला ओरडला असता, कप भिंतीवर फेकला असता, तर त्याला बरं वाटलं असतं.

"कोसैला," तो म्हणाला, "माझ्या हातून..."

"बसा, दा."

मोक्रान बसला. कोसैलानं आपली खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. लहान मूल एखादी गोष्ट ऐकायला बसतं तसा तो पुढे झुकला होता.

"तीन आठवडे," तो म्हणाला. "एवढे दिवस काय बोलत होतात हो तुम्ही आईशी?"