चेहरा स्वच्छ दिसला पाहिजे

"आई, कॅमेरा सगळ्यात महत्त्वाचा. बाकीचं नंतर," मुलगी म्हणाली आणि तिने डावीकडचा लॅपटॉप आईच्या तोंडासमोर वळवला.

काउंटरवर दोन लॅपटॉप उघडे होते, जुळ्या भावंडांसारखे. रंग तोच राखाडी, वजन तेवढंच, आणि किमती अशा की बघूनच घाम फुटावा. सेल्समनचं दोन्हींचं गुणगान एकदा करून झालं होतं, आता दुसरी फेरी चालू होती. डावीकडच्याचा कॅमेरा अव्वल. उजवीकडच्याचा स्क्रीन चकाकत नव्हता आणि रंग जास्त खरे दाखवत होता, कॅमेरा मात्र असून नसल्यासारखा.

आईला उजवीकडचा हवा होता.

तिच्या बाजूने बघितलं तर बरोबरही होतं. तिचा सगळा जन्म फोटो स्टुडिओत गेला. स्टुडिओ बंद पडल्यावर ती लोकांचे फाटके, डागाळलेले जुने फोटो घरीच दुरुस्त करून द्यायची. घरातला कॉम्प्युटर एक फोटो उघडायचा तोवर चहा पिऊन कप विसळून व्हायचा. म्हणून हा थाटाचा लॅपटॉप, तोही मुलीच्या नव्या नोकरीच्या जिवावर.

मुलीचं गणित वेगळं होतं. नोकरी समुद्रापलीकडे आणि आई घरात एकटी. हो-नाही करता करता ती जायला तयार झाली, ती एकाच अटीवर.

"रोज व्हिडिओ कॉल. तुझा चेहरा मला स्वच्छ दिसला पाहिजे. जरा उतरलेला वाटला, की नोकरी गेली खड्ड्यात. मी मिळेल त्या विमानाने परत."

"मी काय दूध आहे का गं, नासलं की काय ते रोज बघायला?" आई म्हणाली.

सेल्समन हसला. मुलगीही हसली. आई हल्ली मजेत होती. संध्याकाळचं चालणं सुरू केल्यापासून अंगानेही हलकी झाली होती, सगळे ब्लाऊज आत घ्यावे लागले होते. मुलीला त्याचं कौतुक होतं.

आईने सेल्समनला बोलण्यात गुंतवलं. एवढे स्वच्छ कॅमेरे हवेत कुणाला, असं तिचं म्हणणं. स्टुडिओत लग्न ठरलेल्या मुली रडून डोळे सुजवून यायच्या. मग लेन्सपुढच्या काचेवर व्हॅसलीनचं एक बोट फिरवलं, की फोटोत चेहरा चांदण्यात न्हाल्यासारखा. एका टकल्या साहेबाला तर तिने पेन्सिलीने भांगासकट केस काढून दिले होते आणि तो साहेब पुढे दर वर्षी केस काढून घ्यायला यायचा.

सेल्समन पोट धरून हसत असताना ती मुलीकडे वळली. "उजवीकडचाच घेऊ या ना."

आईने कधी कशाचा हट्ट धरला नव्हता. पण मुलगी हटली नाही. "आणि मग आपण एकमेकींना दिसायचं कसं?"

"तू मला दिसशीलच की," आई म्हणाली.

डावीकडचा घेतला.

सुरुवातीला चेहरा आरशात बघावा तसा दिसायचा. पुढे चित्र मऊ पडत गेलं. मुलीचा पारा चढला. एवढे पैसे मोजून ही गत! तिने तिकडून दुकानात फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, बघतो. पण आई कसली नेतेय. एवढ्याशा गोष्टीसाठी ओझं उचलून कोण जाणार, आणि दिसतंय ना, बास झालं.

"तुझंच ऐकायला हवं होतं. उजवीकडचा घेतला असता तर बरं झालं असतं," मुलगी एकदा म्हणाली.

"जाऊ दे गं. हाही चांगला निघाला."

दिसत मात्र खरंच छान होती. चित्र धुकट असलं तरी चेहऱ्यावर तेज आलं होतं. मुलीने तसं म्हटलंही. तुझी कटकट गेली ना, म्हणून, असं आईचं उत्तर.

एकदा मावशीचा फोन आला. सुट्टी काढ आणि आईला बघून जा, म्हणाली.

"मावशी, रोज बघते की मी तिला. माझ्यापेक्षा ताजी दिसते."

मावशीने मग हवापाण्याचं विचारून फोन ठेवला.

तिचा पुढचा फोन रडतच आला. मुलगी घरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आजार मुलगी जायच्या आधीपासूनचा होता, मावशी सांगत होती. आईने तिला शपथ घातली होती. शेवटी तर नुसती हाडं उरली होती, गालांच्या वाट्या झाल्या होत्या. मुलगी तिच्यावर ओरडली. "खोटं बोलू नकोस. मी बघितलंय तिला. गेल्या आठवड्यात बघितलंय, याच डोळ्यांनी."

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली.

मुलगी आईच्या टेबलापाशी बसून राहिली. रडून रडून डोळे उघडत नव्हते. ऑफिसमधल्या मैत्रिणीला कळवायचं राहिलं होतं, म्हणून तिने आईचा लॅपटॉप उघडला आणि कॉल लावला. मैत्रीण क्षणभर तिच्याकडे बघत राहिली.

"मला तुझी फार काळजी वाटत होती," ती म्हणाली. "पण सावरलीस गं. चेहरा किती शांत दिसतोय तुझा."

मुलीने स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली सूज नव्हती, एक सुरकुती नव्हती. ती चांदण्यात न्हाल्यासारखी दिसत होती.

तिने हात वर नेला आणि कॅमेऱ्याच्या टिकलीएवढ्या काचेवर बोट ठेवलं.

बोटाला व्हॅसलीन लागलं.